ओरॅकल १९सी लिनक्सवर टाकायचंय, ग्राफिकल इन्स्टॉलर वापरू की सायलेंट?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर ओरॅकल १९सी हा डेटाबेस टाकायचं काम माझ्याकडे आलंय. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी सांगलीतून व्हीपीएनने जातो, ओरॅकल लिनक्स ८ आहे पण मिनिमल, म्हणजे डेस्कटॉप वगैरे काहीच नाही. एक्स-ऑथ आणि लागणाऱ्या लायब्ररी टाकून एसएसएच -एक्स ने इन्स्टॉलरची विंडो माझ्या लॅपटॉपवर आणली, सुरुवातीला आयएनएस-०८१०१ एरर यायची ती सीव्ही_अझ्यूम_डिस्टआयडी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ओईएल७.८ दिल्यावर गेली, पण नेक्स्ट दाबलं की पुढचा स्क्रीन यायला अर्धा-अर्धा मिनिट. आणि काल रात्री ६० टक्क्यांवर असताना घरची लाइन गेली आणि इन्स्टॉलर पण बंद पडला.
आमचे सर म्हणतात ग्राफिकलच कर, डोळ्यासमोर सगळं दिसतं, सायलेंटमध्ये (म्हणजे विंडो न उघडता, फाइलमधली उत्तरं वाचून होणारं इन्स्टॉल) काय बिघडलं ते कळत नाही. पुढच्या महिन्यात हेच सगळं डीआर सर्व्हरवर (मुख्य सर्व्हर बंद पडला तर वापरायचा तो) पण करायचंय. तुम्ही लोक काय करता?

जुना_डीबीए:
सायलेंट. दुसरा विचारच करू नका.
विंडो स्लो का आहे ते आधी सांगतो. इन्स्टॉलर जावाचा आहे, तो चालतो सर्व्हरवर आणि चित्र काढतो तुमच्या लॅपटॉपवर, प्रत्येक बटणासाठी मुंबई-सांगली असे कितीतरी हेलपाटे होतात, त्यामुळे लाइनचा स्पीड वाढवून फार फरक पडत नाही. आणि लाइन तुटली की डिस्प्ले गेला, डिस्प्ले गेला की प्रोसेस गेली.
आता कालचं अर्धवट होम (ओरॅकलचं सॉफ्टवेअर जिथे बसतं ते फोल्डर) तसंच वापरू नका. इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या ओरॅकल इन्स्टॉलच्या यादीत, त्याची नोंद झाली असेल तर ती काढा, फोल्डर रिकामं करा आणि ती जवळजवळ ३ जीबीची झिप ओरॅकल युजरने परत सोडा. १८सी पासून झिप जिथे सोडाल तेच होम होतं, हे पुष्कळ जण विसरतात आणि झिप टेम्पमध्ये सोडून बसतात. मग होमच्या आत इन्स्टॉल, त्यात रिस्पॉन्स, तिथे डीबी_इन्स्टॉल.आरएसपी नावाचा नमुना, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची रिस्पॉन्स फाइल, मिळेल. तो भरा, फक्त सॉफ्टवेअरचा पर्याय ठेवा, डेटाबेस नंतर डीबीसीए या डेटाबेस बनवायच्या टूलने. आधी रनइन्स्टॉलर ला -सायलेंट सोबत -एक्झिक्यूटप्रीरेक्स देऊन नुसती तपासणी करून घ्या, मग खरं इन्स्टॉल. सगळं टीमक्स मध्ये, म्हणजे लाइन गेली तरी काम चालू राहतं आणि परत येऊन जोडता येतं.
तुमच्या सरांचा मुद्दा समजतो, पण ग्राफिकलमध्ये तरी काय कळतं? एक लाल डबा येतो आणि लॉग बघा म्हणतो. लॉग दोन्हीकडे तोच, ओराइन्व्हेंटरीच्या लॉग्ज मध्ये, आणि अगदी सुरुवातीलाच पडलं तर टेम्पमध्ये.

नाईटशिफ्ट:
मी थोडा वेगळा सल्ला देईन. पहिल्यांदाच करताय तर घरच्या व्हर्च्युअल मशीनवर एकदा ग्राफिकल चालवाच. कुठले प्रश्न विचारतो, कुठला ग्रुप कशासाठी मागतो, कर्नल पॅरामीटर कमी असला तर फिक्स अँड चेक अगेन दाबल्यावर कुठली स्क्रिप्ट बनवून रूटने चालवायला सांगतो, हे बघितलं की नमुना फाइलमधली प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. आणि शेवटच्या समरी स्क्रीनवर सेव्ह रिस्पॉन्स फाइल बटण आहे, ते दाबा, फाइल आयती मिळते. पासवर्ड त्यात येत नाहीत, बरंच आहे ते.

विंडोजवाला:
एसक्यूएल सर्व्हरमध्ये पण हेच आहे, रेडी टु इन्स्टॉल स्क्रीनवर कॉन्फिगरेशनफाइल.आयएनआय चा पाथ खाली दाखवतो, तिथून कॅन्सल केलं तरी फाइल राहते. मी ती उचलतो आणि बाकीच्या सर्व्हरवर तिच्यावरूनच सेटअप चालवतो. पासवर्ड तिथेही वेगळे द्यावे लागतात.

जुना_डीबीए:
नाईटशिफ्ट, पटलं, शिकायला ग्राफिकल चांगलंच आहे. माझं म्हणणं क्लायंटच्या सर्व्हरबद्दल आहे. महिन्याभराने डीआर करताना आपण कुठल्या स्क्रीनवर काय निवडलं होतं ते कोणाला आठवतं? फाइल असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.
वारणाकाठ, डीबीसीए च्या वेळी एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका, कॅरेक्टर सेट, म्हणजे डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची पद्धत. एएल३२यूटीएफ८ स्वतः लिहा, डीफॉल्ट आहे म्हणून गप्प बसू नका, नंतर बदलणं फार जिकिरीचं असतं. पतसंस्था म्हणजे सभासदांची नावं मराठीत येणार. यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' मध्ये अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. कॉलम २५ बाइटचा असला तर नाव शिरणारच नाही, ओआरए-१२८९९ येईल. कॉलमची लांबी बाइटमध्ये नको, कॅरेक्टरमध्ये मोजा असं टेबलं बनवणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.

वारणाकाठ:
झालं! नाईटशिफ्ट म्हणाले तसं शनिवारी घरच्या मशीनवर ग्राफिकल केलं, फाइल सेव्ह केली, होमचा पाथ बदलला आणि काल क्लायंटकडे सायलेंट चालवलं. तपासणीतच परत आयएनएस-०८१०१ आली, मी घाबरलो, मग कळलं टीमक्सच्या नव्या शेलमध्ये तो सीव्ही_अझ्यूम_डिस्टआयडी एक्स्पोर्ट केलाच नव्हता. आता एक्स्पोर्ट, तपासणी आणि इन्स्टॉल एकाच स्क्रिप्टमध्ये टाकलंय. शेवटी त्याने रूटने चालवायच्या दोन स्क्रिप्टची नावं छापली, त्या चालवल्या.
सरांना लॉग उघडून दाखवला, त्यांनी शांतपणे सगळा वाचला आणि डीआरला हीच फाइल वापर म्हणाले. कॅरेक्टर सेटचं आमच्या डेव्हलपरला लगेच कळवलं, त्याच्या टेबलात सभासदाचं नाव खरंच ४० बाइट होतं, आडनावासकट!
आता एकच, डीबीसीए ला सिसचा (डेटाबेसच्या मुख्य अॅडमिन युजरचा) पासवर्ड कमांडमध्येच देऊ का?

नाईटशिफ्ट:
नको नको, तो शेलच्या हिस्टरीत राहतो आणि कमांड चालू असताना पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) मारणाऱ्या कोणालाही दिसतो. देऊच नका, डीबीसीए स्वतः विचारतो, तेव्हा टाइप करा. फाइलमध्ये ठेवलाच तर परमिशन ६०० करा आणि काम झालं की फाइलमधून तेवढी ओळ काढून टाका.