मेपलप्रेमींच्या संस्थेचे सभासदत्व गोव्यातून घ्यावे का?

प्रश्न (फोंडा):
गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे इंग्लंडला गेलो असता वेस्टनबर्टच्या वृक्षोद्यानात जपानी मेपलची लालबुंद झाडे पाहिली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाहीत. केवळ मेपलला वाहिलेल्या ‘द मेपल सोसायटी’चे सभासद व्हावे असे वाटते, परंतु ज्याच्या परसात माड, पोफळी आणि भिरंड एवढेच सुखाने वाढते, त्याने वर्गणी भरून काय साधेल? पुढच्या खेपेस एखादे रोप सोबत आणता येईल का?

उत्तर १ (म्हापसा):
रोपाचा विचार सोडून द्यावा. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार रोप वा बी परदेशातून आणण्यासाठी आयात परवाना आणि तेथील रोगमुक्ततेचा दाखला लागतो. शिवाय मेपलला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडीची झोप हवी असते, आणि आपल्या पणजीत जानेवारीतही पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या रोपाच्या पानांच्या कडा मे महिन्यात करपल्या आणि पावसाळ्यात मुळे कुजली.

उत्तर २ (डिचोली):
वरील अनुभव खरा असला, तरी सभासद होण्यासाठी झाड लावलेच पाहिजे असे थोडेच आहे? मेपलच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी काही आपल्या हिमालयातही आढळतात; त्यांच्याविषयी जाणकारांचे लेखन नियमित वाचायला मिळावे, एवढ्यासाठीही वर्गणी भरणे मला वावगे वाटत नाही. (बागायतीची मासिके आपण सगळे कलमे बांधण्यासाठीच घेतो, असेही नाही.) आणखी एक सांगतो: पूर्वी मेपलचे कुळ स्वतंत्र मानत, आता ते रिठ्याच्या कुळात धरले जाते, आणि त्याच कुळातला कोशिंब आपल्या रानात आहे. मेपल पाने गळण्याआधी लाल होतो, तर कोशिंबाची कोवळी पालवीच फाल्गुन-चैत्रात तांबडीलाल फुटते. दुरून पाहणाऱ्याला झाड फुलले आहे असेच वाटते.

प्रश्नकर्ते:
दोघांचेही आभार. रिठा मेपलचा भाऊबंद निघावा, याची गंमत वाटली. रोपाचा नाद सोडला असून सभासदत्वाचा अर्ज लेकीकडून मागवतो. कोशिंब मात्र मी आजवर ओळखून पाहिलेला नाही. आपल्या बाजूला तो कुठे असल्यास फाल्गुनात येऊन पाहीन.