लाक्सारदालुर: सागेतलं किती जागेवर सापडतं?

प्रश्न: लाक्सदाइला सागा (मध्ययुगीन आइसलंडी गद्यकथा) वाचून झाली. पश्चिम आइसलंडच्या लाक्सारदालुर खोऱ्यात तिच्यातली ठिकाणं आज ओळखता येतात का? पहिल्या वसाहतकारांबाबत सागेवर किती विसंबावं?

प्रतिसाद १: ठिकाणं नक्की ओळखता येतात, शेतवाड्यांची नावं टिकून आहेत. बुदारदालुर गावात मुक्काम करा. तिथून ५९ क्रमांकाचा रस्ता खोऱ्यात शिरतो. लाक्सा नदीच्या उत्तरेला सागेतल्या ओलाफचं शेत ह्यारदारहोल्त, दक्षिणेला त्याच्या बापाचं होस्कुल्दस्तादिर. ६० क्रमांकाने उत्तरेकडे गेलात की सागेची नायिका गुद्रुन हिचं माहेर लाउगार आणि पुढे स्विनादालुर लागतं. ओलाफचा मुलगा क्यार्तान याला तिथेच गाठून मारलं. खिंड किती अरुंद आहे ते पाहिलं की दबा धरणाऱ्यांनी हीच जागा का निवडली ते लगेच कळतं. जुनी घरं मात्र शोधू नका. ह्यारदारहोल्तचं चर्च १९०४ चं आहे.

प्रतिसाद २: भूगोल पक्का, माणसांबाबत जपून. वसाहत साधारण ८७० ते ९३० मधली, सागा लिहिली गेली तेराव्या शतकात. म्हणून ती लांदनामाबोकशेजारी (पहिल्या वसाहतकारांची नोंद करणारा जुना ग्रंथ) ठेवूनच वाचा. क्वाम्मुरला वसलेली वसाहतकार स्त्री औदुर हिचंच घ्या. लांदनामाबोकमध्ये ती ख्रिस्ती आहे; अपवित्र मातीत पडायचं नाही म्हणून तिला भरतीच्या रेषेवर पुरतात. सागेत तिचं नाव उन्नुर, आणि तिला जहाजासकट ढिगाऱ्याखाली ठेवतात. दोन्ही खरं असू शकत नाही. त्यातही लांदनामाबोकची एक प्रत तयार करणारा स्तुर्ला थोरदारसोन याच दालिर भागातला, म्हणजे तोही तटस्थ नव्हे.

ओलाफचा बाप होस्कुल्द याने विकत आणलेली आयरिश राजकन्या मेल्कोर्का खरी होती, हे सिद्ध करता येत नाही. पण आइसलंडच्या वसाहतकार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गेलिक वंशाच्या होत्या, हे आईकडून येणाऱ्या जनुकांवरून दिसतं. तेव्हा तिची गोष्ट त्या काळाशी जुळणारी आहे.

प्रतिसाद ३: शेजारचं हाउकादालुरही पाहाच. ग्रीनलंडची वसाहत उभारणाऱ्या एरिक द रेडचं मानलं जाणारं घर, एरिक्सस्तादिर, तिथे आहे. उत्खननात दहाव्या शतकातल्या लांब घराचे अवशेष मिळाले आणि जवळच गवताळ मातीच्या भिंतींची प्रतिकृती उभी केली आहे. नकाशात फक्त ‘हाउकादालुर’ टाकलंत तर गेसिरच्या गरम झऱ्यांजवळच्या, दक्षिणेकडच्या दुसऱ्याच खोऱ्यात पोहोचाल. ‘एरिक्सस्तादिर’ टाका, किंवा ६० वरून ५८६ ला वळा. प्रतिकृतीचं घर हंगामातच उघडं असतं, तेव्हा आधी खात्री करून निघा.