मदत हवी आहे: व्हाळातल्या गावठी माशांसाठी अनुदान कुठे मिळेल? (बीज सोडायला नको)

व्हाळकाठचा

नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यात सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी. मृगाचा पाऊस लागला की मासे अंडी घालायला वर चढतात, थेट शेतांत शिरतात. पण आता पिठोळ काय, थिगूर काय, सगळे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडतात. पावसाआधी पाणी अडवायच्या फळ्या काढतात खऱ्या, पण खालचा काँक्रीटचा उंबरठा तिथेच असतो. त्यावरून पाण्याचा पातळ पडदा जोरात खाली पडतो आणि लहान माशाला तो चढवत नाही. खाली जमलेला मासा लोक टोपल्यांनी उपसतात. (त्यात आमच्याच वाड्यावरचे सगळ्यात पुढे, हेही सांगून टाकतो.)

बंधारा पाडा असं कोणी म्हणत नाही, कुळागरांना (पोफळीच्या बागांना) पाणी त्याचंच आहे. उंबरठ्याच्या खालच्या अंगाला मोठे दगड रचून सावकाश उतार करायचा, मधे मधे माशाला दम खायला डबकी ठेवायची, एवढंच. शिवाय काठावर शेरणी, वाळुंज ही व्हाळकाठची झाडं पुन्हा लावायची.

पैशांसाठी एका कार्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न, "किती बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडणार?" एकही नाही म्हटल्यावर अर्जाचा रकानाच रिकामा राहिला. आमचं मंडळ सोसायटी म्हणून नोंदलेलं आहे, पण 12ए, 80जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या काही नाहीत. अशा कामाला पैसे देणारं कोणी आहे का?

जुना_पंच

व्हाळकाठचा बाब, मंडळाच्या नावाने सुरुवात करू नका. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ती कागदावरच असेल तर ग्रामसभेत विषय काढून जागी करा. लोकजैवविविधता नोंदवहीत व्हाळ, कोंडी (खोल डोह) आणि माशांची गावठी नावं घालून घ्या. त्याच कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, आणि राज्य जैवविविधता मंडळाकडे समितीचा प्रस्ताव तुमच्या अर्जापेक्षा वजनदार ठरतो.

गाव खाणबाधित क्षेत्रात येत असेल तर जिल्हा खनिज निधीही बघा, त्यात पर्यावरण संवर्धन हा अग्रक्रमाचा विषय आहे. कंपन्यांच्या सीएसआरला (सामाजिक कामांसाठीच्या निधीला) मात्र 12ए, 80जी, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-1 नोंदणी लागते. ते सगळं असलेली एखादी संस्था जोडीला घ्या.

आणि बंधारा ज्या खात्याचा, त्याची लेखी ना हरकत आधी. जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याचीही. त्याशिवाय कोणी पैसे दिले तरी दगड हलवता येणार नाही.

गोड्या_पाण्यातला

बीज नाकारलंत हे उत्तम. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नदीत बोटुकली सोडण्याचा घटक आहे, म्हणून सगळीकडे तोच प्रश्न. पण कावेरीचं उदाहरण बघा. तिथे बाहेरून आणलेला दख्खनी महसीर मासा वर्षानुवर्षं सोडला, आणि कावेरीचा स्वतःचा, कुबडवाला महसीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. त्याला इतरही कारणं आहेत, धरणं आहेत, पण बाहेरच्या माशाचा वाटा मोठा. आपल्याकडे तर बंदी असलेला आफ्रिकन मांगूर आणि तिलापिया आयते पाण्यात आलेत. उतार झाला की तेही वर जातील का, हे अर्जात तुम्हीच आधी लिहा. तपासणारा विचारणारच.

उताराचा अंदाज सांगतो. 1 मीटर चढायला साधारण 20 मीटर लांबी धरतात, लहान माशांना त्याहून सावकाश बरा. जुन्या गोव्याच्या किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत मत्स्यशास्त्राची माणसं आहेत, त्यांना आराखडा दाखवा.

विलायतेची रफर्ड फाउंडेशन अशा लहान संवर्धनकामांना पैसे देते, अर्जाला तीन जाणकारांच्या शिफारशी लागतात. पण परदेशी पैसा मंडळाच्या खात्यात घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेने तो घेऊन तुमच्याकडे वळवणंही बंद झालंय.

व्हाळकाठचा

दोघांचेही आभार. मांगूर खालच्या कोंडीत आहे, त्यामुळे तो मुद्दा लिहितोच. ग्रामसभेत समितीचा विषय घेतो. आता एकच अडचण: ना हरकतीच्या अर्जाला आराखडा लागणार, आणि आराखड्याला इंजिनीअरचे पैसे. या पहिल्या टप्प्याचा खर्च कोणी कसा भागवलाय? आणि असा दगडी उतार केलेला बंधारा गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कोणी पाहिलाय का? बघायला येतो.