मदत हवी आहे : वहीत गणितं करत एआय शिकायला कुठलं पुस्तक घ्यावं?
नमस्कार मंडळी. मी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. शिक्षण बारावी सायन्स, त्यालाही तीस वर्षं झाली. गेले सहा महिने रात्री जेवणं आटोपली की कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं पुस्तक घेऊन बसतो. व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, सकाळी काही उरत नाही; पुस्तकात मागे जाता येतं, समासात खूण करता येते.

अमेरिकी संशोधक फ्रँक रोझेनब्लाट यांचा १९५८ चा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे आकडे घेऊन हो-नाही उत्तर देणारा एक साधा कृत्रिम न्यूरॉन, मी वहीत आकडेमोड करून चालवला. उत्तर चुकलं की वजन (आत येणाऱ्या आकड्याला ज्यानं गुणायचं ती संख्या) थोडं सरकवायचं, एवढंच. 'अँड'चं कोष्टक (दोन्ही आकडे १ असतील तरच उत्तर १) काही फेऱ्यांत जमलं. 'एक्स-ऑर'ला (दोहोंपैकी एकच १ असेल तर उत्तर १) मात्र चार पानं भरली तरी जमेना. मग वाचलं, की कोष्टकातल्या चार जोड्या आलेखावर मांडल्या तर उत्तर १ असलेले आणि ० असलेले बिंदू एका सरळ रेषेनं वेगळे होतच नाहीत, मधे न्यूरॉनचा आणखी एक थर लागतो! रात्रीचा दीड वाजला होता, तरी बायकोला उठवून सांगितलं.

आता बॅकप्रोपगेशनपाशी अडलोय. शेवटची चूक मागच्या वजनांपर्यंत कशी पोचवायची, तिथे कॅल्क्युलसमधला चेन रूल लागतो आणि तो मी पार विसरलोय.

हे आकडे घेऊन, कागदावर करून दाखवणारं पुस्तक कुणी सुचवाल का? मराठी असेल तर उत्तमच, सोपं इंग्रजीही चालेल. की आधी बारावीचं कॅल्क्युलस पुन्हा करू? पुढच्या आठवड्यात पुण्याला जातोय, अप्पा बळवंत चौकात शोधेन.

सांगली-मिरजेत आणखी कुणी शिकत असेल तर जरूर कळवा, रविवारी सकाळी वह्या घेऊन एकत्र बसू.