वोर्कुता : शहर टिकवायचं की माणसं हलवायची?

देवदत्त

रशियाच्या कोमी प्रजासत्ताकात, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे १६० किलोमीटर उत्तरेला वोर्कुता हे कोळशाचं शहर आहे. १९८९ च्या सुमारास शहर आणि भोवतालच्या खाणवस्त्या मिळून तिथं दोन लाखांवर माणसं राहायची. २०२१ च्या जनगणनेत खुद्द शहरात ५७ हजारांच्या आसपास उरली. एके काळच्या १३ खाणींपैकी चार चालू आहेत. माझं मत असं की कायम वस्तीचं शहर म्हणून वोर्कुता आता बंद करावं. कोळसा हवाच असेल तर महिना-दीड महिन्याच्या पाळीने कामगार न्यावेत आणि परत आणावेत. सायबेरियातल्या तेल-वायूच्या क्षेत्रांत ही पद्धत रुळलेली आहे, रशियन लोक तिला 'वाख्ता' म्हणतात.

हे शहर वसलंच मुळी बळजबरीने. १९३० साली गेओर्गी चेर्नोव या भूशास्त्रज्ञाला वोर्कुता नदीकाठी कोळसा सापडला आणि दोन वर्षांत तिथं श्रमछावण्यांसाठी कैदी येऊन पोचले. १९४१ मध्ये दोनबासचा (युक्रेनमधला कोळशाचा मोठा पट्टा) बराचसा भाग जर्मनांनी घेतला, तेव्हा कैद्यांच्याच हातून रेल्वेमार्ग घाईने पुरा करून घेतला गेला. त्या डिसेंबरात पहिली गाडी वोर्कुताला लागली. पुढे छावण्या मोडल्या आणि मजूर मिळवायला पैसे मोजणं आलं : पगाराला १.६ चा गुणक, वर ८० टक्क्यांपर्यंत उत्तरेचा भत्ता, पाच वर्षं आधी पेन्शन. सोविएत तिजोरी होती तोवर हे निभलं.

आता काय होतं ते पाहा. पाच मजली इमारतीत चार बिऱ्हाडं उरली तरी गरम पाणी सगळ्या इमारतीत फिरवावं लागतं, कारण ते थांबलं की पाइप गोठून फुटतात. म्हणजे रिकाम्या खोल्याही तापवायच्या आणि त्याचा भार उरलेल्यांवर. हे किती वर्षं चालवणार?

मीनल_जो

देवदत्त, इतिहास तुम्ही छावणीपाशी थांबवलात. त्या कैद्यांनीच १९५३ च्या जुलैत संप केला होता. खटल्यांची फेरतपासणी करा, कपड्यांवरचे नंबर काढा, बराकींच्या खिडक्यांचे गज काढा, घरी पत्रं लिहू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १ ऑगस्टला २९ नंबरच्या खाणीवर गोळीबार झाला आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. सुटल्यावरही कितीतरी जण तिथंच राहिले. लग्नं झाली, मुलं झाली, शाळा-नाट्यगृहं झाली. १९८९ च्या उन्हाळ्यात सोविएत संघभर खाणकामगारांचे संप झाले, त्यांत वोर्कुता अगदी पुढे होतं आणि नुसता साबण आणि पगार मागून ते थांबलं नाही, कम्युनिस्ट पक्षाच्या मक्तेदारीलाही त्यांनी हात घातला. ज्या गावाने सरकारला असा जाब विचारला, ते 'बळजबरीने वसलं' म्हणून पुसून टाकायचं?

आणि 'हलवणं' प्रत्यक्षात कसं होतं तेही बघा. शहराच्या उत्तरेला खाल्मेर-यू नावाची खाणवस्ती होती, काही हजार लोकांची. तिथला कोळसा उत्तम कोकिंग प्रतीचा, म्हणजे पोलादासाठी लागणारा होता, तरी १९९३ च्या डिसेंबरात सरकारने खाण बंद करायचं ठरवलं. १९९५ मध्ये उरलेल्यांना बाहेर काढायला सशस्त्र पोलीस आणले. दारं फोडून माणसांना गाडीत बसवलं गेलं. आणि ऑगस्ट २००५ मध्ये टीयू-१६० या बॉम्बफेकी विमानांचा सराव झाला, पुतिन स्वतः विमानात होते, आणि क्षेपणास्त्रांचं लक्ष्य होतं खाल्मेर-यूचं जुनं संस्कृतिभवन. तिथं ज्या पोरांनी नाच-गाणी केली, त्यांना हे बातम्यांत बघावं लागलं. मला हे वाचल्यापासून चैन नाही.

भूगर्भ

चंद्रपूर भागात भूमिगत खाणीत सर्व्हेचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

वोर्कुताचा कोळसा पोलादासाठी लागणारा आहे, नुसता जाळायचा नाही. त्याचं मोठं गिऱ्हाईक चेरेपोवेत्सचा पोलाद कारखाना. त्यामुळे 'तोट्याचा धंदा' असं सरसकट म्हणता येत नाही. अडचण आहे ती वायूची. जसजसं खोल जावं तसतसं थरातला मिथेन वाढतो. १९९८ मध्ये त्सेंत्राल्नाया खाणीत स्फोट होऊन २७ जण गेले. ती खाण बंद पडली आणि प्रोमिश्लेन्नी वस्ती ओस पडली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेवेर्नाया खाणीत मिथेनचा स्फोट झाला, चार जण गेले आणि २६ जण आत अडकले, तेही वाचले नाहीत. त्यांना काढायला माणसं उतरली तेव्हा पुन्हा स्फोट झाला आणि पाच बचावकर्मी आणि खाणीचा एक माणूस गेला. एकूण ३६. शेवटी आग विझवायला खाण पाण्याने भरली.

म्हणूनच वाख्ताला माझा विरोध आहे. अशा खाणीत छताचा आवाज ओळखणारा, कुठल्या गल्लीत वारा मंद पडतो हे माहीत असलेला माणूस लागतो. तो पिढीजात तयार होतो. दर दीड महिन्याला बदलणाऱ्या टोळीकडून ही जाण मिळत नाही. शिवाय ज्याचं घर खाणीशेजारी आहे, तो सुरक्षेवरून मालकाशी भांडतो. पाळीवर आलेला माणूस दिवस मोजतो.

देवदत्त

भूगर्भ, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण मग हेही बघा की जाणकार, स्थानिक कामगार असतानाच हे दोन्ही स्फोट झाले. घर जवळ असल्याने माणूस वाचला नाही.

आणि गिऱ्हाईक एकच, तेही दीड हजार किलोमीटरहून लांब. त्या कारखान्याची मालक कंपनी सेवेरस्ताल २००३ पासून या खाणीही चालवत होती, तिने त्या विकून टाकल्या. शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारा पक्का रस्ता नाही, फक्त रेल्वे आणि विमान. एका कारखान्याने उद्या दुसरीकडून कोळसा घ्यायचं ठरवलं तर या पन्नास हजारांनी काय करायचं? संकट येण्याआधी हलवणं यातच माणुसकी आहे. खाल्मेर-यूसारखं नको, पैसे देऊन, घर देऊन.

अनिरुद्ध सा

'पैसे देऊन, घर देऊन' हे रशियाने कायद्यात लिहिलेलं आहे, आणि खरी गोम तिथंच आहे. २००२ चा कायदा उत्तरेतून बाहेर पडणाऱ्यांना घरासाठी अनुदान देतो. अट : १९९२ च्या आधी तिथं आलेले, पंधरा वर्षं तिथं काढलेली, बाहेर घर नाही. रांग लागते ती अशी : आधी अपंग, मग पेन्शनर, मग बेरोजगार, शेवटी नोकरीवर असलेले. म्हणजे चाळिशीतला खाणकामगार, जो दक्षिणेला जाऊन नव्याने उभा राहू शकेल, त्याचा नंबर सर्वांत मागे. त्याची पाळी येईपर्यंत तो स्वतःच पेन्शनर होतो.

जागतिक बँकेनेही २००१ मध्ये आठ कोटी डॉलरचं कर्ज देऊन वोर्कुता, नोरिल्स्क आणि सुसुमानमधून लोक हलवायचा प्रयोग केला. ठरवलं होतं त्यापेक्षा खूप कमी लोक गेले.

मीनल, लोक राहतात ते सगळे गावाच्या ओढीने राहतात असं नाही. निवृत्तीनंतर दक्षिणेत घर घ्यायचं म्हणून माणसांनी आयुष्यभर भत्ते साठवले आणि १९९२ च्या महागाईत त्या पुंजीची माती झाली. वोर्कुतातला फ्लॅट विकून दुसरीकडे एक खोलीसुद्धा येत नाही.

मीनल_जो

अनिरुद्ध, ज्यांना जायचंय त्यांना रांगेत कुजवू नये, याबद्दल वाद नाही. पण ज्यांना राहायचंय त्यांच्यासाठीही मार्ग आहे. तिथलं प्रशासन त्याला 'नियंत्रित आकुंचन' म्हणतं : दूरच्या खाणवस्त्यांतली बिऱ्हाडं शहराच्या मध्यात आणायची, तिकडची पाइपलाइन तोडायची, इकडच्या इमारती भरायच्या. देवदत्तना ज्या रिकाम्या खोल्यांचा खर्च खुपतो, तो यातून कमी होतो. त्यासाठी आख्खं शहर मोडायला नको. लहान शहर हेही शहरच.

देवदत्त

लहान शहर चालेल, पण कोणाच्या पैशावर? खाणी खासगी मालकाच्या, नफा त्याचा. पाइप, शाळा, दवाखाना पालिकेच्या गळ्यात.

अनिरुद्ध सा

राज्याच्या पैशावर. या लोकांना तिथं आधी बंदुकीने आणि नंतर भत्त्याच्या आमिषाने राज्यानेच नेलं. आधी ती रांग संपवा, अपंग-पेन्शनर-नोकरदार असा भेद न करता सगळ्यांना एका वेळी अनुदान द्या. त्यानंतर जे तिथं राहतील ते खरोखर स्वतःच्या मर्जीने राहिलेले असतील, आणि शहर किती मोठं ठेवायचं हे तेव्हा त्यांना विचारून ठरवता येईल.