वाळक्या काड्यांवरच्या पांढऱ्या वाट्या: मेल्झरमध्ये काहीच रंग येत नाही

शेवाळवाट
गेल्या मोसमात मेलेल्या, लाकूड न धरणाऱ्या रोपांच्या काड्यांवर दोन प्रकारच्या वाटीबुरश्या आहेत.

पहिली पांढरी, केसाळ, आखूड देठाची, ०.४ ते ०.८ मिमी. बीजाणू एकपेशी, ७–९ × १.५–२ मायक्रॉन. दुसरी राखाडी, बिनदेठी, बशीसारखी पसरट, केस नाहीत.

काड्या दोन आठवडे प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. वाटी ५ टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) ठेचली आणि त्याच काचपट्टीवर मेल्झरचा, म्हणजे आयोडीन असलेल्या द्रावणाचा, थेंब सोडला. तपकिरी रंग बघता बघता उडाला, अ‍ॅस्कसच्या (बीजाणूंच्या पिशवीच्या) टोकाला निळं काही दिसलं नाही. म्हणजे आयोडीन-निगेटिव्ह धरायचं का? आणि पांढरीला ‘लॅक्नम विर्जिनियम’ म्हणता येईल का?

धानी
निगेटिव्ह अजिबात धरू नका. ती चाचणी झालेलीच नाही. केओएच आयोडीनला रंगहीन करतं, तुम्ही रंग उडताना पाहिलात तो त्यामुळेच. केओएचनंतर आयोडीन द्यायचं तर मधे पाण्याने दोन-तीनदा धुवावं लागतं: एका कडेला पाण्याचा थेंब, समोरच्या कडेला टीपकागद.

त्याहून मोठी अडचण क्रमाची आहे. केओएचने पेशी मरतात, आणि या गटातली निम्मी ओळख जिवंत पेशीत असते. पॅराफायसिसमधले (पिशव्यांच्या अधेमधे असलेल्या वांझ धाग्यांतले) चकचकीत रसगोळे, बीजाणूतले तेलाचे थेंब, ऑर्बिलिया या वाटीबुरशीच्या बीजाणूतला तो एक छोटासा गोळा, हे सगळं एका थेंबाने जातं. मेलेला अ‍ॅस्कस आक्रसतो, त्यामुळे मापंही लहान येतात. म्हणून पहिली काचपट्टी नेहमी नुसत्या पाण्याची.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली २० ते ४० पट मोठं करून नव्या ब्लेडने वाटीची उभी चकती काढा. पहिल्या चार-पाच चकत्या जाडच निघतात, फेकून द्या. चकती इतकी पातळ हवी की केसाच्या बुंध्यापासून वाटीच्या मांसापर्यंत पेशी एकेक मोजता याव्यात. अ‍ॅस्कस सुटे हवे असतील तर वाटीचा चतकोर तुकडा घेऊन कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टकटक करा. दाबून घासलंत तर केस तुटतात आणि त्यांचं टोक कसं आहे हेच कळत नाही.

आता आयोडीन. मेल्झर बाजूला ठेवून ल्यूगॉल हे साधं आयोडीन द्रावण वापरा: आयोडीन १ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड ३ ग्रॅम, पाणी १०० मिलि. आधी आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, मग आयोडीन, मग उरलेलं पाणी. आयोडीन थेट पाण्यात टाकलंत तर तळाशी पडून राहतं. मेल्झरमधल्या क्लोरल हायड्रेटमुळे काही जातींची टोकं रंगतच नाहीत. ल्यूगॉलमध्ये त्याच टोकांना दाट द्रावणात लाल आणि विरळ द्रावणात निळा रंग येतो. केओएच देऊन, नीट धुऊन मग आयोडीन दिलं की ती निळी होतात. बुरशीतज्ज्ञ हान्स-ओटो बराल यांनी १९८७ मध्ये हे मांडलं. जुन्या वर्णनांत ‘आयोडीन निगेटिव्ह’ वाचलं की आधी विचारायचं: कोणतं आयोडीन?

थेंब कडेने सोडा आणि १००च्या ऑब्जेक्टिव्हखाली तेल घालून टोकाकडे बघत बसा. द्रावण विरळ असतानाचा रंगही नोंदवा.

काचपट्टी
राखाडीसाठी मात्र केओएच हवंच, पण जिवंत वाटीवर आणि कडेने. पाण्यातली चकती १० च्या ऑब्जेक्टिव्हवर लावा, पॅराफायसिसमध्ये तेलकट चमक दिसते का बघा, मग ५ टक्क्यांचा थेंब कडेला. मोलिसिया ही वाटीबुरश्यांची प्रजाती असेल तर द्रावणाची रेघ चकतीला भिडताक्षणी पिवळा ढग सुटतो आणि पसरत फिका होतो. नजर हटवलीत तर चुकतो. वाटी जुनी किंवा मेलेली असेल तर ढग येत नाही, तेव्हा ‘नाही’ला फारसा अर्थ नाही.

प्लास्टिकची पिशवी नको, मोल्ड चढतो. कागदी पाकिटात हवेवर सुकवा, बघण्याआधी ओल्या टिश्यूच्या डबीत दोन तास ठेवा. बऱ्याच जातींचे अ‍ॅस्कस हळूहळू सुकले तर पुन्हा ताजे होतात.

शेवाळवाट
पुन्हा केलं, या वेळी आधी पाण्यात.

पांढरी: केस पातळ भिंतीचे, आडपडदे असलेले, टोकापर्यंत दाणेदार. पॅराफायसिस भाल्याच्या पात्यासारखे, ४–५ मायक्रॉन रुंद, अ‍ॅस्कसच्या वर १० ते १५ मायक्रॉन निघालेले. ल्यूगॉलमध्ये टोकाला दोन बारीक निळ्या रेघा, विरळ द्रावणातही आणि दाटमध्येही.

राखाडी: पिवळा ढग आला, अगदी लख्ख.

धानी
दाणेदार केस आणि भालेदार पॅराफायसिस एकत्र आले की लॅक्नम म्हणायला हरकत नाही. गुळगुळीत, निमुळते केस आणि साधे पॅराफायसिस असते तर हायलोस्किफा ही दुसरी प्रजाती तपासावी लागली असती.

‘विर्जिनियम’ हे नाव मात्र घाईने लावू नका. पांढरं लॅक्नम दिसलं की सगळे तेच लिहितात. ती जात मुख्यतः लाकडी काटक्या, काटेरी वेलांची खोडं, फळांची कवचं, शंकू अशांवर येते, आणि बीजाणूंची मापं इतर जातींच्या मापांशी जुळतात. जातीपर्यंत जायला आणखी तीन गोष्टी लागतील: काडी कोणत्या रोपाची, अ‍ॅस्कसच्या तळाशी आकडी म्हणजे क्रोझियर आहे की नाही, आणि आपोआप सुटलेल्या किमान २० बीजाणूंची मापं. आकडीसाठी केओएच आणि काँगो रेड हा रंग, पण सगळं जिवंत पाहून झाल्यावर. बीजाणूंसाठी वाटी तोंड खाली करून काचपट्टीच्या २ मिमी वर, ओल्या डबीत रात्रभर. अ‍ॅस्कसमधले बीजाणू मोजलेत तर कच्चे निघण्याची शक्यता असते.

काचपट्टी
राखाडीबद्दल एक अडचण उरते: पायरेनोपेझिझा या दुसऱ्या प्रजातीच्या काही जातीही पिवळ्या होतात. काडीसकट आडवी चकती काढा. वाटी सालीखालून फोडून वर आली असेल तर पायरेनोपेझिझाची शक्यता, सालीवर नुसती बसलेली असेल तर मोलिसिया. वाटी उचकटून काढली की हा पुरावा गेला, म्हणून निदान दोन वाट्या काडीवर तशाच राहू द्या.