'पुढे' म्हणजे आधी की नंतर? (खाण्यापिण्याची गूढ कोडी)

यावेळच्या गूढ शब्दकोड्याला खाणंपिणं हा विषय घेतलाय, सगळी उत्तरं स्वयंपाकघरातली नाहीतर टपरीवरची. त्यात एका शब्दावर गाडी अडलीय म्हणून विचारतेय. माझा क्लू असा (क्लूचा एक भाग म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे व्याख्या, उरलेला अक्षरांचा खेळ, आणि कंसात उत्तराची अक्षरं किती ते):

चहात घालायला गाढवापुढे पहिला सूर लावा (३)

उत्तर साखर. गाढव म्हणजे खर, त्याच्यापुढे सा. गाढवापुढे वाचली गीता हे सगळ्यांच्या कानात बसलेलं असतं, त्यामुळे वाचताना छान वाटतं. पण मैत्रीण म्हणते पुढे म्हणजे नंतर, तुझ्या क्लूचं उत्तर 'खरसा' होतं! आणि तिने लगेच तेच गाढव घेऊन दुसरा क्लू करून दाखवला:

गाढवापुढे मुक्काम कर, चिकाचं करून देते (४)

खर + वस = खरवस. आता एकाच कोड्यात एकदा पुढे म्हणजे आधी नि एकदा नंतर, सोडवणाऱ्याने काय समजायचं? तुम्ही बोलताना 'पुढे' कसा वापरता ते सांगा.

प्रतिसाद
दोन्ही बरोबर आहेत, पंचाईत तीच आहे. पीएचडी झाल्यावर नावापुढे डॉक्टर लागलं म्हणतो तेव्हा डॉ. नावाच्या आधी असतं. पण नावापुढे आडनाव लावतो तेव्हा ते नंतर येतं, आणि एकापुढे शून्य म्हणजे दहाच, ०१ कुणी लिहिणार नाही. पुढचं पान, पुढचं अक्षर, 'पुढे वाचा', हे सगळं नंतरचंच. माणूस किंवा जनावर असेल तर डोळ्यांसमोर त्याचं तोंड येतं म्हणून पुढे म्हणजे समोर, पण अक्षरांच्या ओळीत पुढे म्हणजे वाचायचं राहिलेलं. तुमच्या क्लूमध्ये गाढव हे जनावरही आहे नि अक्षरंही, म्हणून भांडण. 'वर'चंही तसंच, एकावर पाच शून्य म्हणजे लाख आणि ती शून्यं लिहितो मात्र उजवीकडे, उभ्या शब्दात हा 'वर' वापरलात तर सोडवणारा चक्रावणारच.

प्रतिसाद
दिशेची कटकट नको असेल तर उलटापालट करा ना, आपल्याकडे चौकोनात अख्खं अक्षर जातं, काना मात्रा वेलांटी त्याला चिकटूनच फिरते, त्यामुळे छोटे शब्द फार सुंदर उलटतात.

डाव उलटला, पावात भरून टाका (२) : वडा
टपरीवर उलटून मागितला तर हाच मिळतो (२) : चहा

आणि माझा सगळ्यात लाडका, बरसत ढवळून उन्हाळ्यात प्या (४) : सरबत. चारही अक्षरं तीच, फक्त जागा बदलल्या. हलवा आणि मिसळ हे तर दुहेरी कामाचे शब्द, पदार्थही आणि 'अक्षरं हलवा' अशी सूचनाही. हलव्यावर नुसत्या अर्थांचाच क्लू होतो, संक्रांतीला अंगावर, कोळणीच्या पाटीत, नाहीतर जागेवरून (३).

प्रतिसाद
मात्रेचा खेळ कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. पाळीवर मात्रा लागू पडली, तव्यावर टाका (२). पाळी, त्यावर मात्रा दिली की पोळी. ही गंमत आपल्या लिपीचीच आहे, इंग्रजी क्लूचा सांगाडा उचलून आणला तर ती हाती लागायची नाही. भजीला काना दिला की भाजी होते त्यावर कुणीतरी करा.

प्रतिसाद (धागा माझाच)
सगळं वाचलं, मजा आली. बरसत-सरबत अप्रतिम आहे. ते वाचून मला लपवलेला शब्द सुचला, प्रभातफेरीत शिजलेला (२), भात.

इंग्रजी कोडी रचणारे ए. एफ. रिची, टोपणनाव आफ्रिट, यांनी १९४९ मध्ये सांगून ठेवलंय की रचणाऱ्याच्या बोलण्याचा वरवरचा अर्थ खरा असायची गरज नाही, पण जे म्हणायचंय ते त्याच्या शब्दांतून निघालंच पाहिजे. मला हे शंभर टक्के पटतं. साखरेचा क्लू या कसोटीवर पास होतो, कारण गाढवासमोर या अर्थाने पुढे हे मराठीच आहे, ओढूनताणून आणलेलं नाही. पण सोडवणारा एकटा बसलेला असतो, त्याला विचारायला कुणी नसतं, त्यामुळे एकाच कोड्यात दोन पुढे मला नकोत. खरवसात 'पुढे' राहू दे, अक्षरांच्या ओळीत तोच अर्थ जास्त सरळ आहे. साखरेला 'मागून' घेते, कारण मागून आलेलं नंतरच येतं, त्यावर वाद नाही:

पहिल्या सुरामागून गाढव आलं, मुंग्या लागतील (३)

गीता गेली खरी, पण मुंग्यांमुळे व्याख्या पक्की झाली. आता उभ्या शब्दांसाठी एक हवाय, ताकद आणि ताक यांच्यावर, 'खाली' किंवा 'तळ' वापरून. 'ताकदीचा तळ गेला, कढीला घ्या (२)' इथपर्यंत आलेय, आडव्या शब्दात हा तळ चालणार नाही, उभ्यातच बसतो, बरोबर ना?